दाविदचं मत आणि अम्माचा साकव

जून लागला की शारजात रस्त्याकडेच्या खजुरींच्या घडांना जाळ्या बांधतात. पाखरांनी फळं खाऊ नयेत आणि पिकलेलं खाली गाड्यांवर सांडू नये म्हणून. जाळीच्या आत हिरवा घड हळूहळू पिवळा होतो. लोकांना खजूर बघून रमजान आठवतो. मला वेल्समधल्या एका डोंगराळ खोऱ्यातला, आता नकाशावर नसलेला लोकसभेसारखा मतदारसंघ आठवतो. आता बोला!

त्या मतदारसंघाचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते आजवर धड उच्चारता आलेलं नाही. दोन 'एल' एकापुढे एक आले की जीभ टाळूला लावून फुंकर मारायची असते म्हणे. मी फुंकर मारली की बाजूच्या सीटवर बसलेला दाविद खिशातून रुमाल काढून गाल पुसायचा.

दाविद आमच्याच इमारतीत राहतो, शारजातल्या अल नहदात, दोन मजले वर. जन्माने वेल्सचा, खाणकामगाराचा मुलगा, पण आयुष्य गेलं आखातात इमारतींचे नकाशे तपासण्यात. आम्ही दोघं दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एकाच ऑफिसात. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्याला गाडी चालवायची बंदी झाली, तेव्हापासून येता-जाता तो माझ्या गाडीत. बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. इमारतीचा वॉचमन त्याला 'दाऊदभाई' म्हणतो आणि तोही 'हां भाई' म्हणून ओ देतो. आमचं बोलणं इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत. इथे मी माझ्या भाषेत सांगतोय.

शारजाहून दुबईत जायचं म्हणजे सीमेवरचा ट्रॅफिक जाम आलाच. लोक त्यात कुराण ऐकतात, शेअर बाजार ऐकतात, बायकोशी भांडून घेतात. आम्ही वेल्सच्या त्या मतदारसंघाचा इतिहास घेऊन बसायचो. एका जामला एक निवडणूक. जाम मोठा असला तर दोन.

पहिला खासदार एक खाणमालक होता. दाविद सांगायचा, कोळसा त्याचा, घरं त्याची, दुकान त्याचं, मग मत दुसऱ्या कुणाचं असणार? पुढे कामगारांना मताचा हक्क मिळाला आणि खाणमालक गेला तो कायमचा. त्या जागी आला युनियनचा पुढारी, आणि मग त्याच पक्षाचा दुसरा, तिसरा, असं करत बापजाद्यांपासून नातवांपर्यंत तोच पक्ष. एक खासदार तर मरेपर्यंत निवडून आला आणि पार्लमेंटात त्याने म्हणे पाणी मागण्यापुरतंच तोंड उघडलं. त्या खोऱ्यात म्हणायचे, इथे मतं मोजत नाहीत, वजन करतात. पक्षाचं लाल फूल गाढवाच्या छातीला लावलं तरी गाढव लंडनला जाईल.

"आमच्याकडे दगडाला शेंदूर फासतात," मी म्हणालो.

"दगड बरा. निदान भाषण करत नाही."

मी पहिल्यापासून राजकारणाचा किडा. माणूस वेल्सचा असो नाहीतर वेंगुर्ल्याचा, निवडणुकीचं बोलायला लागला की मला भूक लागत नाही. माझी बायको शबाना म्हणते, "तुम्हाला मत कुठेच नाही, म्हणून तुम्हाला एवढं तोंड आहे." खोटं नाही तिचं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. मिसरूड फुटलं तसा आखातात आलो. पासपोर्टवर भारतीय, मत द्यायचं तर स्वतः गावी हजर व्हायला हवं, आणि निवडणूक नेमकी तेव्हाच येते जेव्हा साहेब रजा देत नाही. इथे मत द्यायचा प्रश्नच नाही. म्हणजे आयुष्यभर राजकारणावर बोललो आणि बोटाला शाई एकदाही लागली नाही.

मतदारसंघ मोडणं म्हणजे काय, तेही मला कुणी शिकवायला नको. आमचाही विधानसभेचा मतदारसंघ फेररचनेत असाच मोडला. खाडीच्या अलीकडची गावं एका आमदाराकडे गेली, पलीकडची दुसऱ्याकडे. माझी आत्या पलीकडे दिलेली. हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतर, पण आमदार वेगळा. होडीवाल्याने तेव्हा विचारलं होतं, आता मधल्या पाण्याचा आमदार कोण? दाविदला हे सांगितलं तर त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर हात आपटला. त्यांचंही तसंच झालं होतं. वेल्सच्या चाळीस जागांच्या बत्तीस केल्या आणि त्याच्या खोऱ्याचे दोन तुकडे करून शेजारच्या दोन मतदारसंघांना जोडले. नदीच्या या काठाला एक खासदार, त्या काठाला दुसरा.

गंमत अशी, की जागा मोडली त्याच सुमारास दाविदचं मत परत आलं. त्यांच्याकडे देश सोडून पंधरा वर्षं झाली की मत जायचं. त्याचं कधीच गेलं होतं. तो नियम रद्द झाला. दाविदने अर्ज केला, तिकडच्या नगरपालिकेने जुन्या याद्यांतून त्याचं नाव शोधलं आणि कळवलं, आपण पुन्हा मतदार आहात. फक्त ज्या मतदारसंघाचे होतात तो आता नाही.

त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या त्याने ते मला सांगितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, मतदारसंघ गेल्याचं वाईट वाटतंय. मग तो म्हणाला, "मुश्ताक, मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. माझं मत माझ्या बापाने चोरलं."

त्यांच्याकडे परदेशी गेलेल्या माणसाला आपल्या वतीने मत द्यायला दुसरा माणूस नेमता येतो. दाविद आखातात आला तेव्हा त्याने वडलांना नेमलं. दुसरं होतं कोण? पण बाप लाल फुलाच्या पक्षाचा, कट्टर, आणि दाविद वेल्श भाषेसाठी भांडणाऱ्या पक्षाचा, तोही तसलाच कट्टर. तरुणपणी त्याने माडीवरच्या आपल्या खिडकीत त्या पक्षाचं पोस्टर लावलं होतं. खालच्या खिडकीत बापाचं लाल पोस्टर. गल्लीतले लोक घर बघायला यायचे. बापाने पोस्टर काढलं नाही. एवढंच म्हणाला, कचरा वरच्या मजल्यावर असलेलाच बरा.

प्रत्येक निवडणुकीला दाविद इथून फोन करून सांगायचा, माझं मत अमक्याला. संध्याकाळी परत फोन. टाकलंस? टाकलं. कुणाला? "शहाण्या माणसाला," बाप म्हणायचा, "गाढवपणा मी करत नसतो, तुझ्यासाठी पण नाही." म्हणजे दोन्ही मतं लाल फुलाला. दाविद फोनवर ओरडायचा. ट्रंक कॉलचे पैसे देऊन ओरडायचा! शेवटच्या वेळी त्याने रागाने रिसीव्हर आपटला आणि पुढे फोन केलाच नाही. पुढचा फोन आला तो म्हातारा गेल्याचा.

"दारू प्यायचा," दाविद सांगत होता, "शिव्या द्यायचा, हातही उचलायचा. पण खोटं? कधीच नाही. चोरी केली ती पण तोंडावर सांगून केली." सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला. "एकदा तरी, मुश्ताक. मरायच्या आधी एकदा माझं मत मी सांगेन तिथे पडायला हवं."

मला फार वाईट वाटलं. आणि थोडा तोराही आला, कारण माझ्या घरी असलं काही नव्हतं. माझी अम्मा गावी एकटी असते आणि प्रत्येक मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिला फोन करतो. आमच्या इमारतीतला कोकणातला प्रत्येक मुलगा करतो. आपलं मत नाही, तर आईच्या बोटाने द्यायचं. मी सगळा अभ्यास करून तिला सांगतो, अम्मा, या वेळी अमका, त्याची ही निशाणी, वरून इतक्या नंबरचं बटण. ती म्हणते, बरं बाबा. हे मी दाविदला ऐटीत सांगितलं.

त्या वर्षी आपल्याकडचं मतदान मे महिन्यात होतं. नळाचं गार पाणी गरम यायला लागलेलं, ऑफिसात लिफ्टमध्ये सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. एप्रिलात शारजात पाऊस असा काही झाला होता, की नहदात गाड्या होड्यांसारख्या तरंगल्या. माझ्या गाडीतून तो ओला वास अजून गेला नव्हता. संध्याकाळी परतताना मी दाविदला म्हटलं, बघ, आमच्याकडे कसं असतं ते. आणि फोन स्पीकरवर लावला.

"अम्मा, दिलंस मत?"

"दिलं की. सकाळीच. ऊन चढायच्या आत."

"सांगितलं त्यालाच ना?"

अम्मा हसली. "तुझं कधी ऐकलंय मी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तू तिथे एसीत बसून मला बटणं सांगतोस. तुमच्या शारजात एकदा पाणी तुंबलं, तर आठ दिवस फोनवर रडत होतास. आमचा साकव दर पावसाळ्यात वाहून जातो. कंबरभर पाण्यातून ओढा ओलांडून पलीकडे जाते मी, या वयात. साकव कोण बांधतो ते बघते आणि त्याला देते. नाहीच बांधला, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला."

"मग इतकी वर्षं बरं बाबा, बरं बाबा का म्हणत होतीस?"

"मुलगा एवढ्या लांबून फोन करतो. नाही कशाला म्हणायचं?"

फोन ठेवल्यावर दाविद म्हणाला, भाषांतर कर. साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडांचा पूल, इथपासून सांगावं लागलं. तो इतका हसला, की त्याला ऑपरेशन झालेले डोळे पुसावे लागले. "माझा बाप सरळ नाही म्हणायचा," तो म्हणाला, "तुझी आई गोड बोलून नाही म्हणते. मत मात्र आपल्या दोघांचंही गेलं चोरीला." घरी येऊन शबानाला सांगितलं, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अम्मा ना? मला माहीत होतं." म्हणजे सगळ्या घराला ठाऊक, मी सोडून.

मे संपता संपता तिकडे वेल्समध्येही निवडणूक लागली, जुलैत. टपालाने मत द्यायचं, तर मतपत्रिका इथल्या पोस्ट बॉक्समध्ये कधी पोचणार आणि परत कधी जाणार, याचा भरवसा नाही. पुन्हा माणूसच नेमायला हवा. दाविदची बहीण वारलेली, भाचा ऑस्ट्रेलियात. शाळेतले मित्र कोण आहेत कोण नाहीत, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"अख्ख्या वेल्समध्ये माझ्या ओळखीचं आता एकच माणूस आहे," तो म्हणाला. "तुझी मुलगी."

माझी मुलगी झोया. जन्म शारजातला, शाळा शारजातली. तेव्हा वेल्सच्या राजधानीत एम.एस्सी. करत होती. आणि इथे मला एक नवीनच गोष्ट कळली. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिकडे कायदेशीर राहत असेल, तर त्याला तिकडच्या निवडणुकीत मत असतं. झोयाने विद्यापीठात गेल्या गेल्या नाव नोंदवलं होतं आणि घरी सांगायचंही तिला सुचलं नव्हतं. ज्या देशाचा पासपोर्ट तिथे मत दिलं नाही, जिथे जन्मली तिथे मत नाही, आणि शिकायला गेली तिथे मत आहे! मी हे तिला आश्चर्याने सांगायला लागलो, तर म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ फॉर्म."

दाविदने फोनवर तिला सगळं समजावलं. ती 'शुअर अंकल, शुअर अंकल' म्हणत होती. नंतर तिने मला वेगळा फोन केला. "बट अब्बा, आय डोन्ट इव्हन लाइक दॅट पार्टी."

"तुला आवडायचा प्रश्न कुठे येतो? मत त्याचं आहे."

"आय नो, आय नो. लेट मी थिंक."

लेट मी थिंक! अम्माची नात. तेच नाक, तेच हसणं, आणि तेच गोड बोलून आपलं खरं करणं. मी शबानाला म्हटलं, ही मुलगी त्या म्हाताऱ्याचं मत तिसरीकडेच टाकून येईल. शबाना म्हणाली, "तुम्ही अम्माला इतकी वर्षं हुकूम सोडलात, त्याचं फळ आहे." दाविदला यातलं काही बोललो नाही. तो खुशीत होता. केस कापून आला. ऑफिसात चहा देणाऱ्या केरळच्या बाबूलाही त्याने सांगून टाकलं, की गुरुवारी माझं मतदान आहे.

तोवर खजुरांना जाळ्या बांधून झाल्या होत्या. दुपारी उन्हातली कामं कायद्याने बंद, रस्ते मोकळे, नुसती झळ. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सीमेवरच्या जाममध्ये अडकलो होतो आणि फोन वाजला. तिकडे दुपार होती. मी स्पीकर लावला. दाविदने सीटबेल्ट सैल केला, जणू पट्ट्याने ऐकायला कमी येत होतं.

झोया आगगाडीतून बोलत होती. सकाळी शहरात स्वतःचं मत दिलं, मग गाडी पकडून खोऱ्यात गेली. भुरभुर पाऊस होता. मतदान प्रार्थनाघराच्या हॉलमध्ये, बाहेर खांबाला एक कुत्रं बांधलेलं. तिने आपला भारतीय पासपोर्ट ओळख म्हणून दाखवला. टेबलामागे एक म्हातारी बाई बसली होती, तिने तो उलटापालटा करून पाहिला, चालतो म्हणाली. मग यादीतलं दाविदचं नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"शी न्यू युवर डॅड, अंकल," झोया म्हणाली. पुढचं ती इंग्रजीतच भरभर सांगत गेली. त्या बाईने पूर्वीही याच हॉलमध्ये मतदानाचं काम केलं होतं आणि दाविदच्या बापाला ती चांगली ओळखायची. म्हातारा प्रत्येक वेळी दोन मतं द्यायचा. आधी आपलं, ते हसत हसत. मग दुसरी मतपत्रिका घ्यायचा आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचा, आता त्या गाढवाचं. आत जाऊन यायचा तेव्हा कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलेलं असायचं. ती बाई त्याला दर वेळी चिडवायची, काय, कुणाला दिलंत? आणि तो म्हणायचा, "हात झडेल माझा एक दिवस. पण पोराचं मत ते पोराचं. त्याने सांगितलं तिथेच टाकलं." आणि जाता जाता बजावून जायचा, "त्याला कुणी सांगू नका. कळलं तर शेफारेल."

पुढची रांग सरकली, मी सरकलो नाही. मागून एकाने काच खाली करून "यल्ला! यल्ला!" केलं, तेव्हा मी गाडी पुढे घेतली. दाविदने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला रडू येत होतं आणि मला गाडी चालवायची होती.

"खोटारडा," शेवटी तो म्हणाला. "माझा बाप खोटारडा होता." असं म्हणाला, जसं एखादा आपला बाप मोठा पैलवान होता म्हणून सांगतो.

"अंकल?" झोया फोनवरच होती. "डोन्ट यू वॉन्ट टू आस्क हू आय पुट युवर्स फॉर?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. दाविदने चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"नको," तो म्हणाला. "बापालाही विचारायला नको होतं."

त्या खोऱ्याच्या दोन्ही तुकड्यांत लाल फूलच आलं. वजन केलं असणार. दाविदने निकाल पाहिला, एक शिवी दिली आणि चहा प्यायला. झोयाला मी आजवर विचारलेलं नाही, तिने आजवर सांगितलेलं नाही. तिची डिग्री झाली, ती तिकडेच नोकरीला लागली. दाविद अजून माझ्या बाजूच्या सीटवर असतो. जामही तोच आहे. हल्ली तो बापाबद्दल बोलतो तेव्हा निवडणुकीवर येऊन थांबत नाही, पुढे जातो. बापाचा कबुतरं पाळायचा नाद, रविवारचा कोट, गाण्यातला वरचा आवाज. इतकी वर्षं हे सगळं त्या एका फोनच्या मागे अडकून होतं.

मीही ठरवलं, आता बस. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी अम्माला फोन केला. तब्येत विचारली, काजूच्या झाडाचं विचारलं, साकवाचं विचारलं. साकव झाला होता, सिमेंटचा. निवडणुकीचं अवाक्षर काढलं नाही. फोन ठेवायला लागलो तर म्हणाली, "अरे, थांब. कुणाला द्यायचं ते सांगितलं नाहीस यंदा?"

"तुझं मत आहे अम्मा. तुला हवं त्याला दे."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"रागावलास होय माझ्यावर?"

"नाही गं. पण तू ऐकत नाहीसच, तर सांगून करू काय?"

"ऐकत नाही म्हणून सांगायचंच नाही, असं असतं का रे?" अम्मा म्हणाली. "सांग. मी बरं बाबा म्हणते."